कच्चे घर, पक्के घर

खंडाळा तालुक्यातल्या कोणत्याही गावात घरकुलाची यादी लागली की दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी येतात : कच्चे आणि पक्के. या शब्दांचा सरकारी अर्थ ठरलेला आहे. २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात भिंत माती, न भाजलेली वीट, गवत किंवा बांबू यांपैकी कशाची असेल तर ती कच्ची. छपराचेही तसेच. हाताने घडवलेली कौलेसुद्धा कच्च्यातच जमा. म्हणजे कुंभाराने चाकावर घडवून आव्यात भाजलेले, पन्नास पावसाळे काढलेले कौल कच्चे. हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा गंमत वाटली होती. पण त्याच्या आधारावर गावेच्या गावे बदलताना पाहिली आणि या शब्दांचा इतिहास शोधावासा वाटला.

आमच्या भागात जमिनीचे दोनच प्रकार मानत : काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. घरही त्या पांढरीचेच. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला अंथरून वर वीतभर पांढरी माती चोपायची. पाणी जायला पन्हाळ, उजेडाला साणे. याला कोणी धाबे म्हणते, कोणी माळवद. खंबाटकी ओलांडली की पाऊस उणावतो, म्हणून हे सपाट छप्पर इकडे चालते. पश्चिमेला जावळी-महाबळेश्वराकडे जा, तिथे उतरती छपरे आणि कारवीचे कूड. चाळीस-पन्नास किलोमीटरांत पाऊस बदलतो आणि त्याबरोबर घराचे सारे सामान बदलते. कारवी, बांबू, गवत, शेण, पाला यांना हल्ली वास्तुशास्त्राच्या परिभाषेत ‘जैवआधारित साहित्य’ म्हणतात. आमच्याकडे त्याला वेगळे नाव नव्हते, कारण दुसरे काही नव्हतेच.

या घरांची बदनामी मात्र फुकाची नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि दगडमातीची घरे बसली. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीने तर माळवदाचे नावच मृत्यूशी जोडले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. अभियंत्यांनी पुढे कारणे नीट मांडली. भिंती दोन पदरी, गोल गुंड्यांच्या, मध्ये मातीची भर. दोन्ही पदरांना सांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर दरसाल गळती थांबवायला टाकलेल्या मातीचे वाढत गेलेले ओझे. दोष मातीपेक्षा बांधणीचा होता. पण लोकांनी, आणि सरकारनेही, त्यातून एकच धडा घेतला : माती मारते, सिमेंट तारते. ज्याच्या घरातली माणसे गेली त्याला भिंतीच्या पदरांविषयी कोण समजावणार? तो त्याच्या जागी बरोबरच होता.

या पार्श्वभूमीवर मला एका वास्तुविशारद बाईंच्या कारकिर्दीचा अभ्यास करावासा वाटला. अनुपमा कुंडू यांचा जन्म पुण्यातला, आणि तोही १९६७चा, कोयनेच्याच वर्षाचा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात. १९८९ला पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये गेल्या. तिथे त्यांनी स्वतःसाठी पहिले घर बांधले ते झोपडीचे. सुरूच्या झाडाचे न रंधलेले गोल वासे, काथ्याच्या दोरीने बांधलेले सांधे, वर विणलेल्या झावळ्या. सुरू आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात. तमिळनाडूत त्याची शेती होते. काही वर्षांतच तोडणीला येतो, म्हणून सरपणाला आणि परांचीला वापरतात. परांचीच्या लाकडाचेच घर करायचे, हा विचार सरळ आहे. पण पदवीच्या पाच वर्षांत तो शिकवला जात नव्हता.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की त्या झोपडीपाशी थांबल्या नाहीत. झोपडीला वाळवी लागते, आग लागते, झावळ्या ठरावीक वर्षांनी बदलाव्या लागतात. मातीच्या घराचे गोडवे गाणारे बहुतेक लेखक हा भाग गाळतात. आणखी एक गोष्ट गाळतात : सारवणारे हात. माझ्या आईने आठवड्याला दोनदा सारवले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. फरशी बसली तेव्हा ती सगळ्यांत आधी हसली. सारवणाचे हे कष्ट हिशोबात न धरता जो कोणी मातीकडे परत चला म्हणतो, त्याचे मी फारसे ऐकत नाही.

कुंडू यांचा प्रश्न ‘माती की सिमेंट’ असा नव्हता. जवळ मिळते त्यात किती ज्ञान घातले तर ते टिकेल, असा होता. त्याचे सर्वांत धीट उदाहरण म्हणजे जागेवर भाजलेली घरे. पाँडिचेरीतले अमेरिकन कुंभार रे मीकर यांनी ही रीत तिथे वर्षानुवर्षे चालवली होती. त्याआधी इराणमध्ये नादेर खलिली यांनी तसे प्रयोग केले होते. कच्च्या विटांचे, मातीच्याच दर्जांचे घर बांधायचे. आत पुन्हा कच्च्या विटा, कौले रचायची. मग घरालाच भट्टी समजून काही दिवस आतून पेटवायचे. घर भाजून निघते, आतला मालही भाजतो, आणि तो माल वापरून किंवा विकून सरपणाचा खर्च भागवायचा. कच्चे घर अक्षरशः पक्के होते! कुंडू यांनी याच विषयावर २००८मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि पाँडिचेरीत एका संस्थेसाठी निराधार मुलांची घुमटाकार घरे या रीतीने बांधली. खिडक्यांच्या चौकटींना सायकलची जुनी चाके वापरली. रीत निर्दोष नाही. सरपण लागते, भट्टी लावणारा जाणकार लागतो, आणि भाजणी बिघडली तर अख्खे घरच बिघडते. म्हणून ती सार्वत्रिक झाली नाही, होईल असेही मला वाटत नाही. पण खंडाळ्याच्या तक्त्यातला ‘न भाजलेली वीट’ हा रकाना तिने निरर्थक करून टाकला, एवढे नक्की.

२०००मध्ये पुरे झालेले त्यांचे ऑरोव्हिलचे ‘वॉल हाउस’ अधिक गाजले. त्याच्या भिंती तिथल्या जुन्या पद्धतीच्या चपट्या, पातळ विटांच्या आणि चुन्याच्या. आपल्याकडचे पेशवाईतले वाडे पाहिलेल्या माणसाला ही जोडी ओळखीची वाटेल. छतात मातीची पोकळ भांडी वापरून सिमेंट-लोखंड कमी केले आहे. याचा एक चुलतभाऊ आपल्याच राज्यात आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने एकात एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्यांची कमान करून, लाकूड-लोखंडाशिवाय छप्पर उभारण्याची रीत रुजवली. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर हे घडावे यात नवल नाही. १९३६मध्ये मीराबेन यांच्या देखरेखीखाली माती, बांबू, कौले यांची आश्रमातली घरे उभी राहिली तीही भोवताली मिळणाऱ्या वस्तूंची होती. विदर्भातच नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूवर ‘वेणुभारती’सारखा मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी बांबूचे काम कोरकू तरुणांच्या हाती दिले. कायद्याला मात्र बांबू हे गवत आहे हे मान्य करायला २०१७ साल उजाडले. तोवर वन कायद्याच्या लेखी ते झाडच होते.

कुंडू यांच्या शिकवण्याबद्दल थोडे. न्यूयॉर्क, डार्मश्टाट, ब्रिस्बेन, माद्रिद, पॉट्सडॅम अशी त्यांच्या अध्यापनाची गावे लांबवर पसरली आहेत. पण वर्गातल्या शिकवण्यापेक्षा २०१२चा व्हेनिसचा प्रसंग मला बोलका वाटतो. तिथल्या आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शनात त्यांनी वॉल हाउस मूळ आकारातच पुन्हा उभे केले. त्यासाठी तमिळनाडूचे कारागीर नेले, आणि त्यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाचे व व्हेनिसचे विद्यार्थी कामाला लावले. गवंडी मास्तर आणि पदवीचे विद्यार्थी उमेदवार! आपल्या महाविद्यालयांत गवंड्याला फाटकाबाहेर उभे करण्याची जी रीत आहे, तिच्या पुढे हे चित्र ठेवून पाहावे.

त्या सोवळ्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ला त्याच प्रदर्शनात त्यांनी मांडलेले ‘फुल फिल होम’ फेरोसिमेंटच्या खोक्यांचे होते. पातळ सिमेंट आणि जाळी यांची ही खोकी भिंत आणि कपाट अशी दोन्ही कामे करतात, आणि घर आठवड्याच्या आत जुळते. सिमेंट वापरायचेच तर काटकसरीने, आणि खेड्यातल्या माणसाला हाताने ओतता येईल असे. झावळीपासून इथवरचा हा सरळ प्रवास आहे, मत बदललेले नाही. २०२०मध्ये डेन्मार्कच्या लुईझियाना संग्रहालयाने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले त्याचे नाव वेळेवरून ठेवले होते. वेळ हेही एक बांधकामसाहित्य आहे, असे त्या मानतात. हे म्हणणे आमच्या तालुक्याला जरा अवघड जाते, कारण घरकुलाचा हप्ता ठरलेल्या टप्प्यावर आलेल्या बांधकामाच्या फोटोवर मिळतो. चुना मुरायला वेळ द्यायचा की हप्ता घ्यायचा?

उन्हाळ्यात मी आमच्या शेजारच्या दोन गावांत उभी असलेली माळवदे मोजली. एकूण अकरा निघाली, त्यांतल्या चारांत माणसे राहत होती, उरलेल्यांत कडबा आणि शेळ्या. पांढरी कुठली घ्यायची, किती भिजवायची, पन्हाळीकडे उतार किती ठेवायचा हे हाताने सांगू शकणारे दोघे भेटले. एकाला आता दिसत नाही. दुसरा पासष्टीचा, सकाळी सातच्या गाडीने शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत स्लॅबच्या सेंट्रिंगला जातो.