एका डिस्कची वाटणी

बियाण्याची कणगी खाण्याच्या धान्यापासून वेगळी का ठेवतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या कणगीला हात लावायचा नाही. आज सातबाऱ्याचे उतारे नि परीक्षांचे निकाल ज्या सर्व्हरांवर ठेवलेले असतात, त्यांच्या पोटातही अशी वाटणी करता येते. ती आली मात्र टंचाईतून.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्सला आरंभ केला. 1974 च्या त्यांच्या निबंधात त्यांच्याजवळच्या डिस्कांचा हिशेब आहे : एक लहान डिस्क दहा लाख बाइटांची, चार प्रत्येकी पंचवीस लाखांच्या, आणि एक मोठी चार कोटींची. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही आज पुष्कळदा पंचवीस लाखांत मावत नाही! मूळ व्यवस्था लहान डिस्कवर आणि लोकांच्या फायली मोठीवर, अशी त्यांनी सोय लावली.

आता कोणती फाइल कोणत्या डिस्कवर, हे माणसाने किती लक्षात ठेवावे? त्यांनी युक्ती काढली ती माउंटची. फायलींची रचना झाडासारखी, मुळापासून फांद्या फुटत जाणारी. त्यातली एक जागा धरायची आणि दुसऱ्या डिस्कवरचे सबंध झाड तेथे जोडून द्यायचे. आंब्याचे कलम बांधतात, तसेच म्हणा ना. वापरणाऱ्याला जोड दिसतच नाही. पुढे मूळ डिस्क भरली, तेव्हा काही प्रोग्रॅमही ‘यूएसआर’ या वापरकर्त्यांच्या भागात जाऊन बसले.

1991 मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्सने लिनक्स सुरू केले, त्यातही हीच पद्धत आली. डिस्का मोठ्या होत गेल्या, तरी एकाच डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणे काही थांबले नाही. कारण निराळे होते. सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो. एखादा बिघाड झाला की तीच तक्रार तो रात्रभर लाखो वेळा लिहितो. सगळे एकाच भागात असेल, तर सकाळपर्यंत डिस्क तुडुंब. नवी नोंद लिहायला जागा नाही, नि खिडकीपाशी रांग उभी! रोजनिशीचा ‘व्हार’ भाग वेगळा असला, तर पूर त्या बांधाच्या आतच राहतो. एक्स्ट-2 ही लिनक्सची 1993 ची फाइल-रचना तर साधारणतः 5 टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखूनच ठेवते. तीच बियाण्याची कणगी.

कलम बांधताना अटीही घालता येतात. रिचींनी अशी सोय केली होती की, प्रोग्रॅम चालवणारा कोणीही असो, तो मालकाच्या अधिकाराने चालावा. सामान्य माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो तिच्यामुळे. या कल्पनेला 1979 साली पेटंटही मिळाले. परंतु बाहेरून आलेल्या डिस्कवर कोणी असा अधिकाराचा शिक्का मारून आणला तर? म्हणून ‘नोसूइड’ ही अट : येथे तो शिक्का चालणार नाही. ‘नोएक्झेक’ म्हणजे येथला प्रोग्रॅम थेट चालवता येणार नाही. ज्या ‘टेम्प’ भागात कोणालाही लिहिता येते, तेथे या अटी अवश्य घालाव्यात. मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. तेथील आज्ञांची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमकडून वाचवून घेतली, तर ‘नोएक्झेक’ तिला अडवत नाही.

आणखी एक गंमत. युनिक्सच्या रीतीप्रमाणे फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहायची! वाचनालयात पुस्तक चाळले की नोंदवही भरा, तसेच हे. 2009 पासून लिनक्सने ‘रेलटाइम’ ही सवलत नेहमीचीच केली. आधीची नोंद फाइलीतल्या शेवटच्या बदलाच्या नंतरची असेल नि चोवीस तासांच्या आतली असेल, तर पुन्हा लिहायचे नाही.

वाटण्या फार केल्या तर एक भाग भरतो नि शेजारचा रिकामा राहतो, हेही खरे. म्हणून मी मोजकेच भाग करण्याच्या मताचा आहे. त्या जुन्या टंचाईतून आलेली मूळ डिस्क आणि ‘यूएसआर’ यांतील प्रोग्रॅमांची वाटणी फेडोरा या लिनक्सने 2012 मध्ये मोडून टाकली. ‘व्हार’ वेगळा ठेवायची मुभा मात्र तिच्यातही राहिली.