यंत्राचे आयुष्य आणि जाळ्याचे आयुष्य

२०१७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को शहरातील उतारू थांब्यांवर उभे असता, पुढची बस केव्हा येणार हे सांगणाऱ्या फलकांवरून कित्येक गाड्या एकाएकी नाहीशा झाल्या. गाड्या धावत होत्या, त्यांतील यंत्रेही धड होती. परंतु दुसऱ्या पिढीच्या ज्या बिनतारी जाळ्यावरून ती आपला ठावठिकाणा कळवीत, ते एटी अँड टी कंपनीने १ जानेवारीस बंद केले होते. तशी सूचना तिने २०१२ सालीच दिली होती!

मग यंत्रांसाठी निराळेच जाळे निवडले तर? फ्रान्समध्ये निघालेल्या सिगफॉक्सने तेच केले. एका संदेशात अवघे १२ बाइट, दिवसाकाठी फार तर १४० संदेश. म्हणून एका बॅटरीवर यंत्र वर्षानुवर्षे चाले. काटकसर उत्तम, पण जानेवारी २०२२ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. एप्रिलात सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली, म्हणून जाळे तगले.

ग्रेनोबल येथे जन्मलेल्या लोरा पद्धतीत संदेश टिपणारे केंद्र व्यापाऱ्याला स्वतःच उभारता येते. मात्र त्याची देखभालही त्याच्याच माथी येते.

पल्ला, वेग आणि खर्च यांची चौकशी सारेच करतात. आपले यंत्र जितकी वर्षे चालावयाचे, तितकी वर्षे जाळे जगेल काय, आणि न जगले तर भुर्दंड कोणाला, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.