भूकंपाचा हादरा किती बसणार? पायाखालची जमीन ठरवते

एकाच भूकंपात एका वस्तीत नुसती भांडी वाजतात, तर दुसरीत भिंतींना तडे जातात. बांधकामाइतकाच हा फरक जमिनीचा असतो.

कातळ : आपल्याकडचा काळा कातळ टणक. लाटा त्यातून झपाट्याने निघून जातात, हादरा फारसा वाढत नाही.

गाळ, काळी माती, भराव : इंद्रायणी, पवना, भामा काठच्या मऊ थरात लाटांचा वेग घटतो, पण झोका वाढतो आणि हादरा जास्त वेळ टिकतो. ओढा किंवा खाण बुजवून केलेल्या प्लॉटचंही तसंच.

डोंगरमाथा : अरुंद माथ्यावर लाटा एकवटतात, म्हणून पायथ्यापेक्षा हादरा जास्त बसू शकतो. उतारावर दरडीचा धोका वेगळाच.

लांबचा भूकंपही धोक्याचा : 26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरच्या अनेक इमारती कोसळल्या. चाकणपासून कोयनानगर साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. 11 डिसेंबर 1967 चा तिथला भूकंप पुण्यातही जाणवला होता.

घर बांधण्याआधी :
- मुरूम किंवा कातळ किती फुटांवर लागतो, ते खड्डा घेऊन बघा.
- प्लॉटवर आधी ओढा, विहीर, खाण होती का, हे जुन्या माणसांना विचारा.
- अर्धा पाया कातळावर, अर्धा भरावावर ठेवू नका.
- मजले चढवायचे असतील तर माती परीक्षण कराच. भूकंपाच्या भारतीय मानकात (आयएस 1893) जमिनीचे प्रकार दिलेले आहेत; तुमची कुठली, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या.