पिंपरीची माती आणि प्राण्यांची साक्ष



पिंपरी म्हटलें कीं मोटारींचे कारखाने व थेट चाकणपर्यंत पसरलेली उद्योगनगरी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत या गांवाचें नांव आलें तें औषधामुळें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं येथें स्थापन झाला. त्याच्या संशोधनशाळेंत डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मातींतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीचा नाश करणारें द्रव्य मिळविलें व १९६१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. द्रव्याचें नांव हॅमायसिन. सूक्ष्मजीवाचें नांव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना!

हॅमायसिनच्या कुळांतील द्रव्यें स्टेरॉल नांवाच्या स्निग्ध पदार्थांना घट्ट धरून ठेवतात. बुरशी मरते ती यामुळेंच. कोलेस्टेरॉल हेंही एक स्टेरॉलच. आतां, उतारवयांत पुरुषाच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथि वाढते, आणि अशा वाढलेल्या ग्रंथींत कोलेस्टेरॉल अधिक असतें. मग हींच द्रव्यें तेथें उपयोगी पडणार नाहींत काय? अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत गॉर्डन व शॅफ्नर यांनीं या कुळांतील औषधें म्हाताऱ्या कुत्र्यांना खाऊं घातलीं; कारण माणसाप्रमाणें कुत्र्याचीही ही ग्रंथि वार्धक्यांत आपोआप वाढते. ती आकारानें लहान झाल्याचें त्यांनीं १९६८ सालीं जाहीर केलें. केवढी आशा! परंतु माणसांत हा उपचार प्रस्थापित झाला नाहीं.

तर मग प्राण्यांवरील प्रयोग व्यर्थच म्हणावयाचे काय? तसें नाहीं. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनीं कुत्र्याच्या याच ग्रंथीचा अभ्यास केला होता. ती पुरुषी अंतःस्रावांवर पोसली जाते हें ओळखून, अंतःस्राव रोखल्यास प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग मागें हटतो, हें त्यांनीं १९४१ सालीं रुग्णांत दाखवून दिलें. रोग समूळ गेला नाहीं, पण पुष्कळांच्या वेदना ओसरल्या. १९६६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

प्राणी एकच, ग्रंथि एकच. एक अनुमान माणसांत टिकलें, दुसरें टिकलें नाहीं. आज अमुक वनस्पतीच्या अर्कानें उंदरांतील प्रोस्टेटचा कर्करोग आरंभींच रोखला, अशी वार्ता आपण वाचतों. ती खोटी असते असें नव्हे. पण उंदराला दिलेली मात्रा माणसाला सोसेल काय, पोटांत घेतलेला अर्क ग्रंथीपर्यंत पोंचेल काय, हे प्रश्न तिच्यापुढचे आहेत. त्यांचीं उत्तरें रुग्णांवरील काटेकोर परीक्षेनेंच मिळतात.

म्हणून घरांतील वडील माणसाला लघवीचा त्रास होऊं लागला, तर अशा वार्तेवर विसंबून काढे उकळीत बसूं नका. त्यांना आधीं डॉक्टरकडे न्या. ग्रंथि वयानें वाढली आहे कीं कर्करोगानें, हें तपासणीवांचून घरच्या घरीं कळत नाहीं. आणि कर्करोग असल्यास तो लवकर सांपडण्यांतच रुग्णाचें हित असतें.