भुकेची साक्ष

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, हे आपल्याकडे बहुतेकांना चरित्रांतून ठाऊक असते. चरित्रात ही गोष्ट सलग येते: भूक, वणवण, कलकत्ता, वैधव्य, विलायत, बाप्तिस्मा, केडगाव. मूळ कागद काढून बसले की ही सलगता टिकत नाही. दुष्काळाची हकीकत बाईंच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिली गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात असताना त्यांनी आपला छोटा वृत्तांत लिहिला. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' निघाले, त्याला रेचेल बॉडली यांची चरित्रात्मक प्रस्तावना आहे. १८९७ च्या दुष्काळात बाईंनी स्वतःचे दुष्काळाचे अनुभव छापले आणि १९०७ मध्ये 'अ टेस्टिमनी' हे छोटे आत्मकथन लिहिले. घटना त्याच आहेत. त्या घटनांतून देव काय सांगत होता, याचे उत्तर मात्र कागदागणिक बदलते. भुकेने रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेले असे सरसकट म्हटले जाते. मला कागदांत उलटा क्रम दिसतो. विश्वास आधी आला, भुकेचा अर्थ मागाहून लागला, आणि तो लागायला वीस वर्षे गेली.

आधी घटना. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलेले. रमाबाई तिथेच १८५८ मध्ये जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. देवळात बसायचे, पोथी उघडायची, लोक वाहतील ते घ्यायचे आणि त्यातूनच दानधर्म करायचा. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा पोथीपुढे वाहायला लोकांजवळच काही उरले नाही. आधी पैसे संपले, मग दागिने, भांडी, चांगली वस्त्रे विकली गेली. अंगमेहनतीचे काम करायचे तर ब्राह्मण्य आड येत होते आणि दुसरी कसली विद्या मुलांना दिलेली नव्हती. शेवटी सगळे रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्याचे बाईंनी १८९७ मध्ये लिहिले आहे. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी तीर्थात जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. मुलगा श्रीनिवास म्हणाला, जातीचा अभिमान आता गेला, मी हमाली करतो. त्याने बेत मोडला, पण वडील वाचले नाहीत. ते संन्यासी म्हणून गेले. संन्याशाला पुरायचे असते आणि खांदा द्यायला कोणी नव्हते. श्रीनिवासने देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि पाठीवर घेऊन दोन मैलांवर नेऊन पुरला.

थोड्याच अवधीत आई गेली आणि थोरली बहीणही. आईच्या मृत्यूचे दोन तपशील दोन कागदांत आहेत आणि या दोहोंमधला फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. बॉडलींच्या प्रस्तावनेत अंत्ययात्रा आहे. तीन मैलांवर स्मशान, खांदेकरी मिळेनात, अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली आणि उरलेले दोन खांदे भाऊ-बहिणीचे. रमाबाई बुटक्या, म्हणून तिरडीचा आपला वाटा त्यांनी डोक्यावर घेतला. १८९७ च्या कागदात भाकरी आहे. तापाने फणफणलेल्या आईने बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी गेल्या, पण दारात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, नुसती आसवे वाहू लागली. घरच्या बाईने ओळखले आणि तुकडा दिला. आभार न मानताच मुलगी धावत सुटली. आईला तो खाता आला नाही.

अमेरिकेतल्या वाचकापुढे पहिला तपशील ठेवला गेला, तो हिंदू उच्चवर्णीय स्त्रीची दशा सांगणाऱ्या पुस्तकात. तिथे त्याचे काम स्पष्ट आहे: मुलीच्या डोक्यावर आईची तिरडी येते, असा हा समाज. बॉडली पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन होत्या, आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षिका. विधवांच्या शिक्षणासाठी रमाबाई काढणार होत्या त्या शारदा सदनासाठी देणग्या जमवायच्या होत्या. तिरडीचे वर्णन वाचून बोस्टनच्या बाईचे पाकीट उघडावे, यात गैर काही नाही, पण त्यात ईश्वरी योजनेचा धागा नाही. दुःख आहे, अन्याय आहे. धडा आहे तो समाजाला.

१८८३ चा वृत्तांत तर अधिकच कोरडा. वाँटेजच्या भगिनींना आणि त्यांच्या धर्मगुरूंना आपण कोण, कुठून आलो, काय शिकलो एवढे कळवण्यापुरता तो आहे. त्या काळात रमाबाई ख्रिस्ताकडे निघाल्या होत्या त्या वेगळ्या वाटेने, आणि ती वाट बऱ्याच अंशी बुद्धीची होती. कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात सगळे खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसले, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात अशी समजूत झाली, हे त्यांनी 'टेस्टिमनी'त मोकळेपणी लिहिले आहे. त्यांना संस्कृत बायबल मिळाले, पण त्याचे संस्कृत त्यांच्या शास्त्रांच्या संस्कृताशी जुळेना. भाऊ १८८० मध्ये बंगालमध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि आसामात सिल्चरला बिऱ्हाड झाले. तिथे घरच्या पुस्तकांत लूकचे बंगाली शुभवर्तमान सापडले, कुठून आले ठाऊक नाही. ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी येऊन ते समजावून सांगत. नवऱ्याला ते रुचेना. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवराही पटकीने गेला. पुण्यात नीलकंठशास्त्री गोरे यांनी, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरच्या फादर नेहेम्याह गोरे यांनी, रमाबाई तेव्हा मानत त्या ब्राह्मो विचारांचे मूळ हिंदू शास्त्रांत नाही, ते ख्रिस्ती शिकवणीतून आले आहे, हे पटवले. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याच्या मुलीशी केलेला हा वाद आहे. भूक या वादात कुठेच नाही.

भावनेचा प्रसंग एकच, आणि तोही स्वतःच्या हालांचा नव्हे. विलायतेला गेल्यावर लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या भगिनींनी चालवलेला उद्धारगृहाचा आश्रम बाईंनी पाहिला. समाजाने टाकलेल्या बायकांशी त्या भगिनी ज्या मायेने वागत होत्या, ते त्यांच्या पाहण्यातले नव्हते. पतित स्त्रीबद्दल शास्त्रे काय सांगतात ते त्यांना पाठ होते. तुम्ही असे का करता, हे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. विहिरीवर पाणी मागणारा ख्रिस्त आणि पाच नवरे झालेली परजातीची बाई. धर्म बदलण्याला हे निमित्त ठरल्याचे 'टेस्टिमनी' सांगते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा आणि त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला.

पुढची दोन-तीन वर्षे कागदांनी भरलेली आहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांनी जपलेला त्या काळचा पत्रसंग्रह ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत छापला. रमाबाई जेराल्डाइनना 'आजीबाई' म्हणत. नाते मायेचे, भांडण मात्र रोजचे, आणि भांडणाचे विषय अगदी घरगुती. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवत-शिकत होत्या आणि अंडे घातलेला पुडिंगसारखा पदार्थ खात नव्हत्या. आजीबाईंना वाटे, हा जातीचा अहंकार उरला आहे. रमाबाईंनी अहंकाराचा अंश असेलही असे मान्य केले आणि अंडे खाल्ले नाही ते नाहीच. त्यांच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, तीही त्यांनी नाकारली. माझ्या देशबांधवांना आणि मला लॅटिन येत नाही, संस्कृत काय कमी पवित्र आहे? त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या अडून बसल्या. एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सुटल्यावर दुसऱ्याचे जू मानेवर घेणार नाही, असे १८८५ मध्ये त्यांनी स्वच्छ कळवले. त्यांच्या भुकेचे भांडवल करून त्यांना नमवता येईल असे वाटलेल्या कोणालाही ही पत्रे वाचायला द्यावीत.

मग भुकेचा अर्थ लागला कधी? स्वतः बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम यांचे पुस्तक वाचून ते वळण आले. हॅस्लम हे धर्मगुरू असूनही स्वतःच्याच प्रवचनात परिवर्तन झालेले गृहस्थ होते. यातला सगळा हिशेब 'टेस्टिमनी'चा, म्हणजे १९०७ चा आहे. १९०५ मध्ये केडगावला जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यानंतरचा. जगभरच्या ज्या वाचकांसाठी तो लिहिला, त्यांना 'आधी आणि नंतर' अशी रेघ हवी असते. १८८५ ची पत्रे लिहिणाऱ्या बाईला आपण ख्रिस्तावाचून आहोत असे वाटत होते, याला पत्रांत आधार नाही. मला ही रेघ मागाहून ओढलेली वाटते. ती खोटी आहे असे मात्र म्हणणार नाही. माणूस आपले आयुष्य मागाहूनच वाचतो.

१८९६-९७ चा दुष्काळ मात्र मागाहून रचलेला नाही. मध्य प्रांतात आणि बुंदेलखंडात लोक मरत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाईंपाशी शारदा सदन होते, त्याच्या अटी होत्या आणि पैसा मोजका होता. सदनाला पैसा पुरवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षांची हमी दिली होती, ती उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. दुष्काळातल्या मुली त्या चौकटीत बसत नव्हत्या. अनुभवकथन इथेच सुरू होते. आपण स्वतः यातून गेलो आहोत, मग गप्प कसे बसावे, असा त्याचा सूर. अकरा दिवसांचा पाला, धोतरातले गाठोडे, भाकरीचा तुकडा हे सगळे इथे इतक्या तपशिलाने येते. मरताना वडिलांनी धाकट्या लेकीला देवाच्या हाती सोपवले होते. तो कोणता देव, हे वडिलांना ठाऊक नव्हते, पण ज्याने ऐकले त्याने सांभाळले, असे बाई इथे म्हणतात.

हा धडा कागदावरच राहिला नाही, म्हणून तो मला खरा वाटतो. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांतली माणसे पाहिली, तिथे भुकेल्या मुलींवर टपलेले पुरुष पाहिले आणि ते लिहिलेही. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्यांना ठेवणे अशक्य. केडगावला आधी घेतलेली शेतजमीन होती, तिथे मुक्ती हा आश्रम उभा राहिला. कोणत्याही जातीची मुलगी यावी, एवढीच अट. शारदा सदनात ब्राह्मण विधवांचे सोवळेओवळे जपायची धडपड होती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, तो सगळा वादही त्याच चौकटीतला. १८९७ नंतर ती चौकट बाजूला पडली. जातीचा अभिमान गेला म्हणणाऱ्या श्रीनिवासचे शब्द बहिणीच्या हातून वीस वर्षांनी अमलात आले.

तरीही प्रत्येक हालाचा धडा झाला नाही, हेही कागद सांगतात. रमाबाईंबरोबर विलायतेला गेलेली आनंदीबाई भगत ही मैत्रीण. बाप्तिस्म्याच्या थोडे आधी, आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील या भीतीने तिने रमाबाईंचा गळा दाबायचा प्रयत्न केला आणि मग स्वतः जीव दिला. मॅक्स म्यूलर यांनी १८९९ च्या आठवणींत हे लिहिले आहे. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्यांच्या घरी राहायला आल्या तेव्हा एकट्या झोपू शकत नव्हत्या, म्हणून खोलीत एक मोलकरीण झोपवावी लागली. ज्या आत्मकथनात नवऱ्याचा, भावाचा, आईबापांचा मृत्यू ओळीने येतो आणि प्रत्येकाला देवाच्या योजनेत जागा मिळते, त्या 'टेस्टिमनी'त या बाईचे नाव नाही. वाँटेजची हकीकत आहे, फुलहॅम आहे, शोमरोनी बाई आहे, बाप्तिस्मा आहे, आनंदीबाई नाही.

रमाबाईंनी हे संकोचापायी वगळले, असे म्हणता येईल. मला कारण साक्षीच्या घडणीतच दिसते. भुकेच्या हकीकतीत बाई वाचतात, म्हणून ती सांगता येते. आनंदीबाईच्या हकीकतीत बाईंचा नवा विश्वासच दुसरीच्या मरणाला निमित्त होतो. १९०७ पर्यंत त्याचा जुळवून घेतलेला अर्थ रमाबाईंपाशी असता, तर बाकीच्या सगळ्या दुःखांइतक्याच स्पष्टपणे त्यांनी तो लिहिला असता. तो नाही, आणि नाही म्हणून उरलेल्या पानांवर माझा विश्वास अधिक बसतो.