सैन्य कुणाचं?

वर्गात 'दोस्त राष्ट्रे' हा शब्द मी सहज फळ्यावर लिहीत असे. पण दोस्तांतही ओढाताण होतीच. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, डार्विनवर बॉम्ब पडले. मध्यपूर्वेतून मायदेशी निघालेली ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन चर्चिलना रंगून वाचवायला हवी होती. पंतप्रधान कर्टिन 'नाही' म्हणाले, तरी चर्चिलनी जहाजं परस्पर ब्रह्मदेशाकडे वळवली! कर्टिन हटले नाहीत. जहाजं मायदेशी गेली.

त्याच सुमारास, २३ फेब्रुवारीला, ब्रह्मदेशात सित्तांग नदीवरचा पूल इंग्रजांनी उडवला, तेव्हा सतराव्या हिंदी डिव्हिजनचे हजारो जवान पलीकडच्या तीरावरच होते. त्यांच्यासाठी 'नाही' म्हणणारं आपलं सरकार दिल्लीत नव्हतं. वाचकहो, स्वातंत्र्याचा हा अर्थ मुलांना सांगायचा राहूनच गेला.