एका गुणाची गोष्ट

मंडळी, आज जरा भलत्याच विषयावर लिहायला बसले आहे. "आजी आणि मोटारींच्या शर्यती?" म्हणून आमच्या घरातले आधीच हसून घेत आहेत, तेव्हा तुम्हीही हसून घ्या. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. मोटारीतलं मला कळतं ते एवढंच, की किल्ली फिरवली की ती सुरू होते आणि पेट्रोल संपलं की थांबते.

पण माझा नातू फॉर्म्युला वनचा वेडा. २०२० च्या टाळेबंदीत तो आमच्याकडेच अडकला होता. १२ एप्रिलला स्टर्लिंग मॉस नावाचा इंग्लंडचा जुना शर्यतपटू नव्वदाव्या वर्षी वारल्याची बातमी आली. नातू म्हणाला, "आजी, हा माणूस एकदाही जगज्जेता झाला नाही. आणि एकदा तर खरं बोलल्यामुळे झाला नाही." मी म्हटलं, नीट सांग. त्याने सांगितलं. त्या रात्री मला काही झोप लागली नाही. का, ते शेवटी सांगते. त्यानंतर मात्र १९५८ च्या त्या मोसमाबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. सनावळ्या तपासल्याशिवाय चैन पडत नाही, ही जुनी खोड!

माझ्यासारख्या अडाण्यांसाठी आधी थोडी ओळख. एकाच माणसाला बसायला जागा, चाकं उघडी, अशा या मोटारी. त्यांची जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली. वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येकीचे गुण मिळतात आणि शेवटी बेरीज करून जगज्जेता ठरतो. १९५८ साली पहिल्या पाचांना अनुक्रमे ८, ६, ४, ३ आणि २ गुण होते. शिवाय जो सर्वांत वेगवान फेरी मारेल त्याला १ गुण जादा. एकूण शर्यती ११, पण चालकाच्या सर्वांत चांगल्या सहाच निकालांचे गुण धरायचे. हे नियम लक्षात ठेवा. सगळं घोडं पुढे तिथेच अडणार आहे.

तो मोसम म्हणजे एका काळाचा शेवट होता. पाच वेळा जगज्जेता झालेला अर्जेंटिनाचा फॅन्जिओ तेव्हा ४७ वर्षांचा झाला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये तो एका शर्यतीसाठी क्यूबात गेला, तर कॅस्ट्रोच्या क्रांतिकारकांनी त्याला हवानाच्या हॉटेलातून चक्क पळवून नेलं! जगाचं लक्ष वेधलं गेलं, मग त्यांनी त्याला सुखरूप सोडून दिलं. जुलैमध्ये फ्रान्सच्या शर्यतीत चौथा येऊन त्याने निवृत्ती घेतली. त्या शेवटच्या शर्यतीत आघाडीवरचा माइक हॉथॉर्न त्याला एक फेरी मागे टाकण्याच्या बेतात होता. पण आपल्यापेक्षा थोर माणसाला तसं मागे टाकायचं नाही, म्हणून त्याने वेग कमी केला.

हाच हॉथॉर्न आपल्या गोष्टीतला दुसरा नायक. उंच, पिंगट केसांचा, शर्यतीतसुद्धा गळ्यात बो टाय बांधणारा इंग्रज. तो इटलीच्या लाल फेरारीत बसायचा. मॉसही इंग्रजच, दोघं एकाच वर्षी, १९२९ साली जन्मलेले. मॉस मात्र हिरव्या व्हॅनवॉलमध्ये. बेअरिंग तयार करणारे कारखानदार टोनी व्हँडरवेल यांनी इटालियनांना हरवायचंच या जिद्दीने ही गाडी बांधली होती. तोवर एकही ब्रिटिश चालक जगज्जेता झाला नव्हता. मॉस तर १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं दुसरा आलेला.

पहिली शर्यत १९ जानेवारीला अर्जेंटिनात झाली. त्या वर्षी इंधनाचा नियम बदलला होता. अल्कोहोलमिश्रित इंधन बंद आणि विमानाचं पेट्रोल सक्तीचं झालं होतं. व्हॅनवॉलची इंजिनं त्यासाठी वेळेत तयार झाली नाहीत, म्हणून मॉस रॉब वॉकर नावाच्या एका हौशी मालकाची छोटी कूपर गाडी घेऊन उतरला. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, आणि तेही चालकाच्या पाठीमागे. फेरारीवाल्यांना वाटलं, याला टायर बदलायला थांबावं लागेलच, आणि त्या गाडीची चाकं काढायला वेळही फार लागतो. वॉकरच्या माणसांनीही टायर मांडून ठेवून बदलायची तयारी असल्याचं नाटक केलं. मॉस थांबलाच नाही! पार झिजलेल्या टायरवर, जेमतेम तीन सेकंदांच्या फरकाने तो जिंकला. इंजिन मागे असलेल्या गाडीने जागतिक स्पर्धेतली ग्रां प्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे काही वर्षांत सगळ्याच गाड्यांची इंजिनं मागे गेली.

आज ज्यांची नावं ऐकू येतात त्यांच्यापैकी काही जण याच मोसमात पहिल्यांदा दिसले. लोटसच्या गाड्या मोनॅकोत, तर ब्रूस मॅक्लारेन हा न्यूझीलंडचा विशीतला मुलगा जर्मनीत. आणि आम्हा बायकांनी लक्षात ठेवावं असं एक नाव म्हणजे मारिया तेरेसा दे फिलिप्पिस. जूनमध्ये बेल्जियमच्या शर्यतीत ती उतरली आणि दहावी आली. जागतिक स्पर्धेत धावलेली ती पहिली स्त्री.

पण हा मोसम वाचताना आनंद फार वेळ टिकत नाही. तेव्हा गाडीत पट्टे नसत, रस्त्याच्या कडेला झाडं आणि खड्डे असत. ६ जुलैला फ्रान्समध्ये हॉथॉर्नचा पाठलाग करताना फेरारीचाच लुइजी मुस्सो मेला. ३ ऑगस्टला जर्मनीत पीटर कॉलिन्स गेला. तो हॉथॉर्नचा जिवाभावाचा मित्र, वय अवघं २६. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने इंग्लंडची शर्यत जिंकली होती. हॉथॉर्न त्याच्या मागेच होता, त्याच्या डोळ्यांदेखत गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. हा कॉलिन्स म्हणजे, १९५६ च्या शेवटच्या शर्यतीत स्वतःला जगज्जेता होण्याची संधी असताना आपली गाडी फॅन्जिओला देऊन टाकणारा माणूस. आपल्याला वेळ आहे, असं त्याला वाटलं असेल. दोन वर्षंही मिळाली नाहीत.

मित्र गेल्यावर हॉथॉर्नचं मन उडालं. तरी तो मोसम पुरा करायला राहिला. आणि २४ ऑगस्टला सगळे पोर्तुगालच्या पोर्तो शहरात जमले.

शर्यत शहरातल्याच रस्त्यांवर होती, ट्रामचे रूळ आणि फरसबंदी ओलांडत. मॉस पाच मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. दुसऱ्या क्रमांकावर हॉथॉर्न. त्याचे ब्रेक दगा देत होते. शेवटच्या फेरीत त्याची गाडी गर्रकन फिरली आणि बंद पडली. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही हा नियम, त्यामुळे तो एकटाच गाडी ढकलत होता, आणि रस्ता चढाचा. तेवढ्यात शर्यत संपवून सावकाश येणारा मॉस तिथे पोचला. उताराच्या दिशेने ढकल, असं त्यानेच ओरडून सांगितलं. हॉथॉर्नने गाडी फुटपाथवर घेतली, उलट्या दिशेने उतारावर सोडली, इंजिन सुरू झालं आणि त्याने शर्यत पुरी केली.

पंचांनी त्याला बाद ठरवलं. कारण? शर्यतीच्या रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी चालवली.

आता विचार करा. मॉस जिंकलेला आहे. प्रतिस्पर्ध्याचे दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि सर्वांत वेगवान फेरीचा १ असे सात गुण आपोआप जात आहेत. मॉसने काहीच करायचं नव्हतं. जेवायला गेला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण तो पंचांकडे गेला आणि म्हणाला, मी तिथे होतो, मी पाहिलं आहे. तो उलट्या दिशेने गेला तेव्हा रस्त्यावर नव्हता, फुटपाथवर होता. म्हणजे नियम मोडलेला नाही. पंचांनी साक्ष मानली. सात गुण हॉथॉर्नला परत मिळाले.

त्याच शर्यतीतली आणखी एक गंमत मॉस सांगत असे. हॉथॉर्नने वेगवान फेरीचा विक्रम केला, हे कळवायला मॉसच्या माणसांनी फलकावर विक्रमाचं इंग्रजी लघुरूप 'रेक' लिहून दाखवलं. भर वेगात मॉसने ते 'रेग' असं वाचलं, म्हणजे हॉथॉर्न नेहमीच्याच गतीने चालला आहे! म्हणून त्याने तो जादा गुण मिळवायची खटपटच केली नाही. शुद्धलेखनाचे गुण कापण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फारच पटली.

शेवटची शर्यत १९ ऑक्टोबरला मोरोक्कोत, कॅसाब्लांकाला. मॉसला जिंकायला हवं होतं, वेगवान फेरीही मारायला हवी होती, आणि तरीही हॉथॉर्न दुसरा आला तर सगळं फुकट. मॉसने दोन्ही केलं. हॉथॉर्न दुसरा आला, त्याचा फेरारीतला सहकारी फिल हिल याने त्याला पुढे जाऊ दिलं होतं. हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक.

मी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करून पाहिली. हॉथॉर्नचे सर्वोत्तम सहा निकाल ९, ७, ७, ७, ६, ६, म्हणजे ४२. पोर्तुगालचे सात काढले तर त्या जागी पुढचा सर्वांत चांगला निकाल येतो, अर्जेंटिनाचे ४. बेरीज ३९. मॉस ४१ वर जगज्जेता! तो 'रेक' नीट वाचून वेगवान फेरी मारली असती, तरीही मॉस ४२ आणि हॉथॉर्न ४१. दोनदा पडताळलं, उत्तर तेच.

त्या दिवसालाही किंमत पडलीच. व्हॅनवॉलचा तरुण चालक स्टुअर्ट लुइस-एव्हन्स इंजिन अडकून झालेल्या अपघातात भाजला आणि सहा दिवसांनी इंग्लंडमध्ये वारला. (त्याचा व्यवस्थापक होता बर्नी एकलस्टन. पुढे अनेक वर्षं फॉर्म्युला वनचा सगळा कारभार याच्याच हाती होता.) त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलेलं गाड्यांच्या निर्मात्यांचं विजेतेपद व्हॅनवॉलला मिळालं, पण व्हँडरवेल यांचं मन मोडलं आणि त्यांनी पुढे पूर्ण मोसमासाठी संघ उतरवला नाही. हॉथॉर्नने लगेच निवृत्ती जाहीर केली. ब्रिटनचा हा पहिला जगज्जेता २२ जानेवारी १९५९ ला साध्या रस्त्यावर, पावसात, स्वतःच्या गाडीच्या अपघातात गेला. वय २९. त्या वेळी त्याच रस्त्यावर रॉब वॉकर आपली गाडी चालवत होता. अर्जेंटिनात मॉसला कूपर देणारा तोच. हॉथॉर्न नुकताच त्याला मागे टाकून पुढे गेला होता.

मॉसची कारकीर्द १९६२ च्या अपघाताने संपली. तो जगज्जेता झाला नाही. पोर्तुगालबद्दल त्याला आयुष्यभर विचारत राहिले आणि त्याने कधी पश्चात्ताप दाखवला नाही.

लोक याला त्याग म्हणतात, खिलाडूपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याने पदरचं काही दिलं नाही. जे पाहिलं ते सांगितलं, इतकंच. ते 'इतकंच' किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे.

१९८४ साल. तालुक्याच्या खो-खो स्पर्धा. आमचे क्रीडाशिक्षक आजारी म्हणून मुलींबरोबर मला पाठवलं होतं. अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं. समोरच्या शाळेची एक सडपातळ मुलगी आमच्या पोरींना दमवत होती. ती माझ्यासमोरच रेषेजवळ आली, तोल गेला, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. मैदानाबाहेर म्हणून बाद. दोन्ही पाय बाहेर पडले तरच बाद होतं. मी दोन हातांवर उभी होते. तिचा एक पाय फक्कीच्या आत होता. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाई, तुम्ही पाहिलंत ना?" असं काही ती म्हणाली नाही. नुसती बघत होती. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. आम्ही एका गुणाने जिंकलो. ढाल घेऊन एसटीने गाणी म्हणत परत आलो. ती ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत होती, आणि मी निवृत्त होईपर्यंत रोज हजेरीपटावर सही करताना मला दिसत असे.

आमच्या मुलींना काय सांगितलं असतं, ढाल गेली असती, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. मी खोटं बोलले नव्हते ना! पण पोर्तोमध्येही प्रश्न रेषेचाच होता, आत की बाहेर, आणि मॉसलाही कोणी विचारलेलं नव्हतं.

हे सगळं नातवाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आजी, ती मुलगी आता पन्नाशीची असेल." असेल. तिचं नाव मला माहीत नाही. मी तेव्हा विचारलं नाही.

ते नाव विचारायला हवं होतं. असो.